गोळी कुठली आणि धाप कुठे

औषधाचा साईड इफेक्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं, अंगावर पुरळ, मळमळ, जुलाब, फारतर चक्कर, आणि जरा वाचणारा माणूस असेल तर लिव्हर किंवा किडनीचं नाव घेईल. फुफ्फुस कुणाच्या यादीतच नसतं. आमच्या मावशीच्या दुखण्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, दोन डॉक्टरांना भंडावून सोडलं, आणि आता जे डोक्यात साठलंय ते एकदा लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मावशीला युरिन इन्फेक्शनचा त्रास जुना. एक कोर्स संपतो तोवर दुसरं इन्फेक्शन हजर, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मग एका डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइनची कमी डोसची एक गोळी रोज रात्री लावून दिली, इन्फेक्शन परत उलटू नये म्हणून. ही पद्धत काही वेडीवाकडी नाही, जगभर वापरतात, औषध १९५० च्या दशकापासूनचं आहे आणि लघवीच्या मार्गातल्या जंतूंवर अजूनही चांगलं चालतं. मावशीवरही चाललं. इतकं छान चाललं की इन्फेक्शन विसरलं गेलं आणि त्याबरोबर गोळीही विसरली गेली, म्हणजे ती घेत होती रोज, पण "तुम्हाला कुठली औषधं चालू आहेत" असं विचारलं की बीपीची सांगायची, थायरॉइडची सांगायची, कॅल्शियम सुद्धा सांगायची, ही मात्र नाही. ही काय, लघवीची आहे, तिचा काय संबंध.

मग खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा, ताप नाही, कफ नाही. त्यापाठोपाठ जिना चढताना मधे थांबणं. यावर घरात प्रत्येकाकडे आपापलं उत्तर तयार होतं, वय झालं, वजन वाढलंय, अ‍ॅलर्जी असेल, अ‍ॅसिडिटीनेही खोकला येतो म्हणे. कफ सिरप झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, इन्हेलर झाला. हार्टचा इको नॉर्मल आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मावशी सोडून, कारण तिला तो टाकताच येत नव्हता. शेवटी एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टात इंटरस्टिशियल लंग डिसीज (हवेच्या पिशव्यांभोवतीच्या नाजूक भागाला सूज किंवा वण) असे तीन शब्द आले. हे तीन शब्द नेटवर शोधायचे नाहीत असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, कारण या एका नावाखाली दोनशेच्या आसपास वेगवेगळे आजार येतात, त्यातले काही भयंकर, काही चक्क बरे होणारे, आणि नेट तुम्हाला पहिल्यांदा भयंकरच दाखवतं.

छातीच्या डॉक्टरांनी आधी भलतेच प्रश्न विचारले. घरात पक्षी आहेत का, कबुतरांचा त्रास आहे का, आयुष्यात कुठे धुळीत काम केलंय का, सकाळी बोटांचे सांधे आखडतात का. आणि मग म्हणाले, "सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या, ज्यांचा छातीशी संबंध नाही असं तुम्हाला वाटतं त्या आधी." नायट्रोफ्युरँटोइनची स्ट्रिप बाहेर आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ही कधीपासून?"

नंतर कळलं की हे औषध आणि फुफ्फुस यांचं नातं डॉक्टरी पुस्तकांत अगदी ठरलेलं उदाहरण आहे. आणि गंमत म्हणजे ते दोन पूर्ण वेगळ्या तऱ्हांनी त्रास देतं. एक अचानक, गोळी सुरू केल्यावर काही तासांत ते दोनेक आठवड्यांत, थंडी वाजून ताप, खोकला, दम, कधी पुरळ, रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, हे बघून कुणालाही न्यूमोनिया वाटेल आणि वाटतोही. गोळी थांबवली की बहुतेक लोक काही दिवसांत बरे. दुसरी तऱ्हा मावशीची, सहा महिने, वर्ष, कधी कित्येक वर्षं गोळी घेतल्यावर हळूहळू चढत जाणारी. ही जास्त करून वयस्कर बायकांमध्ये दिसते, कारण रोजची कमी डोसची गोळी वर्षानुवर्षं लावली जाते ती त्यांनाच. यात ताप बहुधा नसतोच, त्यामुळे तारीख सापडत नाही. कधीपासून दम लागतोय असं विचारलं की माणूस म्हणतो, असंच, बरेच दिवस.

आता प्रश्न असा की लघवीच्या औषधाने छातीला का धरावं. याचं उत्तर मला फार आवडलं, म्हणजे आजार नाही, उत्तर. शरीरातलं सगळं रक्त प्रत्येक फेरीत फुफ्फुसातून जातं, दुसऱ्या कुठल्याच अवयवाच्या वाट्याला हे येत नाही, त्यामुळे रक्तात जे काही आहे ते फुफ्फुस बघतंच. त्यात हवेच्या पिशव्या तीस ते पन्नास कोटी, त्यांची भिंत अतिशय पातळ, आणि पलीकडे भरपूर ऑक्सिजन. नायट्रोफ्युरँटोइन पेशीत गेलं की ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्याचं एक चक्र सुरू होतं, ज्यातून पेशीला जाळणारे ऑक्सिजनचेच आक्रमक प्रकार तयार होत राहतात. म्हणजे जिथे ऑक्सिजन सगळ्यात जास्त तिथे हे प्रकरण जास्त पेटणार. हे एकमेव कारण नाही, प्रतिकारशक्तीचीही भूमिका असते, काही रुग्णांच्या रक्तात एएनए टेस्टसुद्धा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठलीय का याचा अंदाज देणारी) पॉझिटिव्ह येते आणि मग डॉक्टर ल्युपस या तशाच आजाराच्या मागे लागतात. पण निदान "काय संबंध" या प्रश्नाला उत्तर आहे.

ब्लिओमायसिनची गोष्टही अशीच. हे कॅन्सरचं औषध, जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी १९६० च्या दशकात एका जिवाणूपासून काढलेलं. शरीरात हे औषध मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, ते बहुतेक अवयवांत आहे पण फुफ्फुसात आणि त्वचेत फारच कमी, म्हणून मार बसतो तो नेमका या दोघांना. एकूण डोस ४०० युनिटच्या वर गेला की धोका बराच वाढतो, म्हणून डॉक्टर आयुष्यभराचा हिशोब ठेवतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये वृषणाचा कॅन्सर झाला तेव्हा त्याच्या उपचारातून हे औषध पुढे वगळून दुसरं घातलं, कारण ज्याचं पोटच फुफ्फुसांवर चालतं त्याला हा धोका परवडणारा नव्हता. (त्याचं पुढचं डोपिंगचं प्रकरण वेगळं, ते इथे नको.)

मला सगळ्यात अवघड वाटतं ते अमिओडेरोनचं. हृदयाचे ठोके भलतीकडे जायला लागले की हे देतात, आणि अनेकांचा जीव या गोळीने वाचलाय यात शंका नाही. पण वजनाच्या जवळजवळ ३७ टक्के आयोडीन असलेलं हे औषध शरीरातल्या चरबीत आणि पेशींत जाऊन बसतं आणि निघायचं नाव घेत नाही. त्याचा हाफ लाइफ सरासरी दोन महिन्यांच्या आसपास, म्हणजे आज बंद केलं तरी दोन महिन्यांनी निम्मं आत आहेच. त्यामुळे फुफ्फुसाला त्रास झाला तर गोळी थांबवल्यावरही तो चालू राहू शकतो, स्टिरॉइड कित्येक महिने द्यावं लागतं, आणि घाईने कमी केलं तर दुखणं परत डोकं वर काढतं. रोज ४०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांना धोका जास्त, पण कमी डोसवरही झालेलं आहे. आणि बघा ना, हे औषध घेणारा माणूस मुळातच हृदयाचा पेशंट, त्याला धाप लागली तर घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची नजर आधी हृदयाकडेच जाणार, पाणी कमी करायच्या गोळ्या वाढणार, आणि फुफ्फुस मागे राहणार. म्हणूनच हे सुरू करताना आधी छातीचा एक्सरे आणि फुंकायची टेस्ट करून ठेवतात, नंतर तुलना करायला काहीतरी हातात हवं म्हणून. तुमच्या घरी कुणी घेत असेल तर हा पहिला एक्सरे फाईलमध्ये आहे का एवढं बघा, नसेल तर पुढच्या व्हिजिटला विचारा, थायरॉइड आणि लिव्हरचे रिपोर्टही त्याच वेळी विचारून घ्या कारण हे औषध त्यांनाही सोडत नाही.

मेथोट्रेक्सेटबद्दल वाचताना मी पार गोंधळले होते. आमवाताची ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. तिने कधीकधी अचानक न्यूमोनायटिस होतो, म्हणजे जंतू नसताना फुफ्फुसाला सूज, बहुतेक वेळा पहिल्या वर्षात. पण आमवात स्वतःच फुफ्फुस खराब करू शकतो. आणि गोळीने प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे खरंखुरं इन्फेक्शनही होऊ शकतं. म्हणजे एकाच खोकल्याचे तीन संशयित, आणि उपचार तिघांचे वेगळे. त्यात आणखी एक, पूर्वी असं मानायचे की वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेट घेतल्याने फुफ्फुसात हळूहळू फायब्रोसिस होतो, म्हणजे वण पडून ते कडक होत जातं, पण अलीकडच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, बऱ्याच केसेसमध्ये दोष आजाराचाच होता. म्हणजे औषधावर उगाच खापर फोडणं हीसुद्धा चूकच, कारण ते खापर फोडून चांगली चालणारी गोळी बंद केली तर सांधे जातात.

इथेच या सगळ्याची मेख आहे. औषधं शेकडो, पण फुफ्फुसाकडे तक्रार करायच्या तऱ्हा चार-पाचच. खोकेल, धाप लागेल, स्कॅनवर काचेला वाफ धरल्यासारखं दिसेल (डॉक्टर त्याला ग्राउंड ग्लास म्हणतात), कधी पाणी भरेल, कधी वणांची जाळी पडेल. स्कॅन बघून "हे अमुक गोळीमुळेच" असं कुणीच सांगू शकत नाही. रक्ताची एखादी टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली असंही नसतं. कधी फुफ्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून पेशी तपासतात, पण त्याचा मुख्य उपयोग टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन नाही ना हे बघायला. उरतं काय तर तारखा. गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला, थांबवल्यावर काय झालं. पुन्हा देऊन बघितली तर खात्री होईल, पण फुफ्फुसाच्या बाबतीत तो प्रयोग सहसा कुणी करत नाही कारण दुसरा झटका पहिल्यापेक्षा जबर असू शकतो. एवढी मोठमोठी मशीन आहेत आणि निदान शेवटी अडतं ते पेशंटने दिलेल्या यादीवर आणि तारखांवर. मावशीची यादी अपुरी होती म्हणून महिने गेले, बाकी काही नाही. यात डॉक्टरांचाही दोष आहेच, लावून दिलेली गोळी अजून हवी का हे मधल्या काळात कुणीतरी विचारायला हवं होतं, इतके दिवस ही गोळी चालू असेल तर फुफ्फुसांवर लक्ष ठेवा असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं.

फ्रान्समध्ये डिजॉनला फिलिप कामू नावाच्या छातीच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकापासून याची एक सूची चालवली आहे, न्यूमोटॉक्स नावाची, कुठल्या औषधाने फुफ्फुसात काय काय झाल्याचं नोंदलं गेलंय ते त्यात मिळतं, आमच्या डॉक्टरांनीही समोरच उघडून बघितली. त्यात एक नजर टाकली तर झोप उडेल इतकी नावं आहेत, पण नाव असणं म्हणजे वारंवार होणं नव्हे. बहुतेक नोंदी अगदी दुर्मिळ.

सगळं काही दुर्मिळ मात्र नाही. बीपीसाठी एनालाप्रिल, रामिप्रिल अशा "प्रिल"वाल्या गोळ्या घेणाऱ्यांत साधारण पाच ते वीस टक्के लोकांना कोरडा खोकला होतो, बायकांना जास्त. यात फुफ्फुस खराब होत नाही, ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठून घशात आणि श्वासनलिकेत हुळहुळतं एवढंच, गोळी बदलली की बहुधा चार आठवड्यांच्या आत जातो, कुणाला थोडे महिनेही लागतात. पण त्याआधी लोक या खोकल्यासाठी किती बाटल्या रिचवतात त्याला हिशोब नाही. दम्यावाल्या मोठ्या माणसांपैकी अंदाजे सात टक्क्यांना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या भावंडांनी, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरेंनी, तास-दोन तासांत जोरदार अटॅक येऊ शकतो, बऱ्याचदा नाकात पॉलिप असलेल्यांना. डोकं दुखलं म्हणून गोळी आणि रात्री इमर्जन्सी. आणि मला थक्क करणारी गोष्ट म्हणजे डोळ्याचे थेंब. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालतात, ते डोळ्यातून नाकात उतरतात, नाकाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातात, लिव्हरच्या चाळणीतून न जाता, आणि दम्याच्या पेशंटची श्वासनलिका आवळू शकतात. थेंब! थेंबांना कोण औषध म्हणतं. म्हणून काचबिंदूच्या डॉक्टरांना आपल्याला दमा आहे हे सांगायलाच लागतं, आणि छातीच्या डॉक्टरांना थेंब.

"नैसर्गिक" वाल्यांसाठी एक गोष्ट. तैवानमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात वजन कमी करायला एका पालेभाजीचा कच्चा रस प्यायचं खूळ आलं, सॉरोपस अँड्रोजायनस असं तिचं शास्त्रीय नाव, आग्नेय आशियात ती एरवी शिजवून खातात. कित्येक तरुण बायकांच्या बारीक श्वासनलिका त्या रसाने कायमच्या बंद होत गेल्या, काहींना फुफ्फुस बदलावं लागलं. गोळी नव्हती, केमिकल नव्हतं, पाला होता. वजनाच्या गोळ्यांचा इतिहास तर आणखी वाईट, १९६५ च्या सुमाराला स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियात अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी आली आणि लगेच फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढलेले पेशंट दिसायला लागले, १९६८ मध्ये ती मागे घेतली. शहाणपण आलं असेल असं वाटतं ना, तर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन या तशाच गोळीचं अमेरिकेत परत तेच, त्या वेळी हृदयाच्या झडपांसकट.

नवीन औषधांचंही सांगायला हवं कारण ती आता घराघरात आलीत. फुफ्फुसाच्याच कॅन्सरची गेफिटिनिब ही गोळी जगात पहिल्यांदा जपानने जुलै २००२ मध्ये मंजूर केली, आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या डॉक्टरांना तातडीचं इशारापत्र पाठवावं लागलं कारण काही पेशंट फुफ्फुसाच्या सुजेने दगावत होते. जपानी लोकांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. गोळी आजही वापरात आहे, फक्त आता पहिल्या काही आठवड्यांत खोकला-दम यावर बारीक लक्ष असतं. कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनांचंही तसंच, पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब वगैरे, ती प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात, मग ती कधीकधी स्वतःच्याच फुफ्फुसावर उठते. शंभरात तीन ते पाच जणांना होतं, कधी पहिल्याच महिन्यात, कधी खूप उशिरा. तिथे नवीन खोकला आला तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही, फोन करायचा.

आता गोळी बंद करण्याबद्दल. मावशीची गोळी डॉक्टरांनी त्या दिवशीच थांबवली, पण ती थांबवण्यासारखी होती, तिच्यावाचून जीव अडत नव्हता. अमिओडेरोन स्वतःच्या मनाने बंद केली तर ठोके पुन्हा बिघडू शकतात, बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाची गती कमी करणारी गोळी) एकदम सोडला तर हृदयाला झटका बसू शकतो, रोजचं स्टिरॉइड एकदम सोडलं तर माणूस कोसळतो. संशय आला तर त्याच दिवशी फोन करा, दम वाढत असेल, ओठ निळसर वाटत असतील किंवा बोटाला लावायच्या मशीनवर सॅच्युरेशन घसरत असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा, पण कात्री डॉक्टरांच्या हातात राहू द्या.

मावशीचा खोकला गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत कमी झाला. स्टिरॉइड थोडे महिने चाललं, त्याने चेहरा सुजला, साखर वाढली, चिडचिड तर विचारू नका. पुढच्या स्कॅनमध्ये वाफेसारखं दिसणारं बरंचसं गेलं होतं, तळाशी थोडी जाळी राहिली, ती राहणार असं डॉक्टर म्हणाले. जिना आता ती एका दमात चढते, सामान नसेल तर. युरिन इन्फेक्शन मात्र परत सुरू झालंय, त्याचं वेगळं चालू आहे.

आणि तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय, नायट्रोफ्युरँटोइन देऊ नये, फुफ्फुसाची रिअ‍ॅक्शन. औषधाचं मूळ नाव लिहिलंय, ब्रँडचं नाही, हे महत्त्वाचं, कारण मधे एका नवीन डॉक्टरांनी इन्फेक्शनसाठी चिठ्ठी दिली, वेगळंच नाव, वेगळीच कंपनी, मावशीने चष्मा लावून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचलं आणि ती दुकानातच परत केली.